फिनफेटमध्ये (उभ्या फिनच्या ट्रान्झिस्टरमध्ये) डब्ल्यू (रुंदी) टाकायलाच जागा नाही, सायझिंग करायचं कसं?

अर्धवट_ॲनालॉग:
एमटेक सेकंड इयर. बीईला १८० नॅनोमीटरवर ऑपॅम्प (ॲम्प्लिफायर) केला होता, स्क्वेअर लॉ (ट्रान्झिस्टरच्या करंटचं साधं सूत्र) लावला, डब्ल्यू बाय एल (रुंदी भागिले लांबी) काढला, सिम्युलेशन साधारण जुळलं, खुश. आता गाईड म्हणाले तोच फिनफेटवर कर. सिम्युलेशनचं मॉडेल बीएसआयएम-सीएमजी, सप्लाय ०.८ व्होल्ट. हाताने डब्ल्यू आला १.३ मायक्रॉन आणि इथे विचारतात एनफिन (फिनची संख्या) किती! बरं एल वाढवून गेन काढावा म्हटलं तर एल पण ठराविकच दिलेत. कॅसकोड (गेनसाठी वर वेगळ्या बायसचा ट्रान्झिस्टर) लावला तर सगळे डिव्हाइस ट्रायोडमध्ये (व्होल्टेज अपुरं, गेन नाही). तीन दिवस झाले डोकं आउट झालंय.

बायसवाला:
अरे आधी तो स्क्वेअर लॉ गुंडाळून ठेव, २० नॅनोमीटरला तो काही कामाचा नाही. फिनच्या तीन बाजूंनी गेट असतं म्हणून एका फिनची रुंदी म्हणजे दोनदा उंची अधिक जाडी. इंटेलच्या २२ नॅनोमीटरचे छापून आलेले आकडे घे, उंची ३४, जाडी ८, म्हणजे ७६ नॅनोमीटर. तुझे १.३ मायक्रॉन म्हणजे १७.१ फिन, ते पॉइंट एक विसर, १७ टाक. करंट मिररमध्ये (करंटची ठराविक पटीत नक्कल करणारं सर्किट) १ ला २.५ हवं असेल तर ४ आणि १०, अर्धा फिन कोणी देत नाही.
पण खरं म्हणजे डब्ल्यूपासून सुरुवातच करू नकोस. जीएम बाय आयडीने (ट्रान्सकंडक्टन्स भागिले करंट) जा. एकच फिन घेऊन व्हीजीएस (गेट-सोर्स व्होल्टेज) स्वीप कर, प्रत्येक एलला जीएम बाय आयडी आणि करंट पर फिन प्लॉट कर. समज जीएम हवा १.५ मिलिसीमेन्स आणि जीएम बाय आयडी धरलास १५, तर करंट झाला १०० मायक्रोॲम्प. प्लॉटवर त्या जागी एका फिनला ५ मायक्रोॲम्प दिसले तर २० फिन. संपलं.
गेनसाठी स्टॅक कर. चार डिव्हाइस सिरीजमध्ये, चौघांची गेटं एकत्र, बाहेरून लांब एलचा एकच ट्रान्झिस्टर असल्यासारखं वागतं. खालचे तीन ट्रायोडमध्ये दिसतील, ते तसेच असतात, घाबरू नको 😄

लेआउट_ताई:
स्कीमॅटिकवर बँडविड्थ बघून नाचू नकोस हो. आमच्याकडे एका पोराने असाच ॲम्प्लिफायर दिला, एक्सट्रॅक्शननंतर (लेआउटमधले रेझिस्टन्स-कपॅसिटन्स काढून सिम्युलेशनमध्ये घातल्यावर) बँडविड्थ निम्म्यावर आली, आणि शिव्या कोणाला, लेआउटला! या नोडला सोर्स-ड्रेनच्या काँटॅक्टचा आणि गेटचा रेझिस्टन्सच एवढा असतो की पहिल्या दिवसापासून अंदाजे पॅरासिटिक (हे नको असलेले रेझिस्टन्स-कपॅसिटन्स) घालूनच सायझिंग करावं. आणि मिरर तापणाऱ्या ड्रायव्हरच्या शेजारी ठेवू नकोस, फिन बारीक, आजूबाजूला ऑक्साइड, उष्णता खालून सिलिकॉनमधूनच निघणार. दोन्ही टोकांना डमी (सर्किटमध्ये न वापरलेले डिव्हाइस) घाल, विसरू नकोस.

अर्धवट_ॲनालॉग:
थँक्यू दादा, ताई. स्टॅक केला, गेन वाढला!! पण इथे बल्क (बॉडी) सोर्सला जोडला काय आणि ग्राउंडला जोडला काय, काहीच फरक पडत नाही. माझंच काही चुकतंय का?

बायसवाला:
नाही रे, तेच तर सुख आहे. गेट तीन बाजूंनी धरून बसलंय, बॉडीचं काही चालतच नाही, म्हणून सोर्स फॉलोअर (बफर) प्लेनरपेक्षा (सपाट ट्रान्झिस्टरपेक्षा) छान येतो. चॅनलमध्ये डोपिंग जवळपास नसतं, त्यामुळे मिसमॅच (सारख्याच डिव्हाइसमधला फरक) पण कमी. कॅसकोडचा मात्र ०.८ मध्ये हट्ट सोड, दोन स्टेज कर. आणि ते स्वीपचे प्लॉट टाक इथे, बघतो.