मदत हवी आहे: गणपतीच्या डोळ्यांची आखणी शिकणाऱ्या पोरांचा हात टीकेने बिचकतो

कुडाळकडच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यात, आखणीला नवीन मुलं बसवतोय. आपल्या मूर्तीसाठी पाट आणून ठेवलेला गावकरी रंगकामाच्या वेळीच डोकावतो आणि सगळ्यांदेखत म्हणतो, "ह्यो कसलो डोळो काढलंस?" मग पोरगा ब्रश अखडून धरतो, रेघ जाड येते, ती ओल्या फडक्याने पुसतो. शाडूवरचा पांढऱ्या रंगाचा थर त्याबरोबर उखडतो आणि खरोखरच डोळा बिघडतो. पुढच्या मूर्तीला तो हातच लावत नाही.

सध्या एवढं करतो: चूक दिसली तर रंग सुकेपर्यंत कोणी बोलायचं नाही. सुकल्यावरही "वाईट झालंय" चालणार नाही. "डावं बुबुळ अर्धा सूत वर" असं जागा आणि माप धरून सांगायचं. पोट, सोंड यांबद्दलचं बोलणं माती ओली असतानाच. रंग चढल्यावर ते ऐकून पोराच्या हातात काहीच उरत नाही. बोलणी खाल्लेल्या मुलाला त्याच दिवशी दागिने किंवा पितांबराची किनार देतो, म्हणजे ब्रश सुटत नाही. कौतुकही मोघम नको, त्याने हात सैल होत नाही.

अडतंय ते दोन ठिकाणी. वर्षानुवर्षं येणाऱ्या वडीलधाऱ्यांना, मान राखून, गप्प कसं करायचं? पडदा लावला तर रुसतात. आणि बिचकलेल्या मुलाला परत डोळ्यांवर कधी बसवायचं: जुन्या पाटीवर रेघा सरळ येऊ लागल्या की लगेच, की आधी उंदराचे डोळे देऊन? दशावतारात, भजनात नवी मुलं तयार करणाऱ्यांनीही सांगा.