ऑयस्टर म्हणजे शिंपला की कालव?

मागच्या महिन्यात अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लीन्सला गेलो होतो, सोबत आई होती, ती रत्नागिरीकडची. तिथे एका केजन-क्रिओल पद्धतीच्या ऑयस्टरवाल्या हॉटेलात जेवलो. मेन्यू मराठीत सांगताना मी ऑयस्टरला सरळ शिंपले म्हणून मोकळी झाले. काउंटरवरच्या माणसाने आमच्यासमोर एक उचललं, बिजागरीच्या फटीत सुरीचं टोक घालून मनगट फिरवलं, कट्ट आवाज झाला, वरचं झाकण बाजूला, मग खालून सुरी फिरवून मांस सुटं केलं आणि सांडू न देता पाण्यासकट बर्फावर ठेवलं. आई म्हणाली, अगं शिंपले काय म्हणतेस, कालवं आहेत ही!

तर मराठीत नक्की शब्द कुठला? आणि केजन आणि क्रिओल हे एकच का, मेन्यूवर दोन्ही एकत्रच लिहिलेलं असतं.

प्रतिसाद:
ताई, आईंचं शंभर टक्के बरोबर आहे. शिंपला म्हणजे वरचं कवच, ते कोणाचंही असू शकतं. तिसऱ्या, खुबे, मुळे, कालवं ही सगळी वेगवेगळी आहेत. तिसऱ्या वाळूत-चिखलात सापडतात, कालव खडकाला घट्ट चिकटलेलं असतं, आमच्याकडे बायका ओहोटीला जाऊन खडकावरच फोडून आतलं मांस डब्यात भरून आणतात, म्हणून बाजारात कालवं बहुतेक सोललेलीच दिसतात. शहरातल्या लोकांना कवच बघायलाच मिळत नाही आणि मग शब्दही जातो. एक कालव, अनेक कालवं, आमच्या मालवणीत कालवां. कालवण शब्दाशी गल्लत करू नका, ते कालवणे क्रियापदावरून आलं, भातात कालवायचं ते.

प्रतिसाद:
केजन आणि क्रिओल एक नाहीत. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया भागात अकेडियन म्हणून फ्रेंच बोलणारे लोक होते, १७५५ पासून ब्रिटिशांनी त्यांना हाकललं, त्यातले बरेच पुढे लुइझियानात आले, अकेडियनचं बोलताना झिजून केजन झालं. त्यांचं जेवण खेड्यातलं. क्रिओल म्हणजे न्यू ऑर्लीन्स शहराचं, फ्रेंच, स्पॅनिश, आफ्रिकन सगळं मिसळून झालेलं, त्यात टोमॅटो जास्त दिसतो. शब्द स्पॅनिश-पोर्तुगीजमधला, वाढवणे-पोसणे या अर्थाच्या क्रियापदावरून, म्हणजे तिथेच वाढलेला.

आणि क्रिओल शब्द आपल्याला परका नाहीच. रायगड जिल्ह्यात चौलजवळ कोर्लईला पोर्तुगीज क्रिओल, म्हणजे पोर्तुगीज आणि इथली बोली मिसळून झालेली भाषा, अजून घराघरात बोलतात, ते लोक तिला नो लिंग म्हणतात, म्हणजे आमची भाषा. १७४० मध्ये पोर्तुगीज तिथून गेले तरी भाषा राहिली, आणि शेजारच्या मराठीमुळे तिच्यात क्रियापद वाक्याच्या शेवटी जाऊन बसलं! मला हे जेव्हा कळलं तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

मूळ प्रश्न विचारणारी:
दोघांचे खूप आभार. कोर्लईचं माहीतच नव्हतं, आम्ही किल्ला बघून परत आलो होतो, वाईट वाटलं.

गंबोचंही सांगते. गंबो म्हणजे घट्ट रश्शासारखं, भातावर घेतात, आमच्यात कालवं घातलेली होती. नंतर वाचलं की गंबो हे मुळात भेंडीचंच आफ्रिकेतून आलेलं नाव. आपण भेंडीची तार जावी म्हणून ताक नाहीतर आमसूल घालतो आणि तिथे त्या तारेनेच रस्सा दाट करतात, नाहीतर सॅसाफ्रास झाडाच्या पानांची पूड घालतात. आईने चमचा वर धरून तार बघितली आणि म्हणाली भेंडी आहे यात, मी मेन्यू वाचायच्या आधी.

आता अडलंय ते एटूफे या तिथल्या पदार्थाच्या नावाला. फ्रेंचमध्ये अर्थ गुदमरवलेलं, पण जेवणाला तसं कसं म्हणणार, मी झाकण ठेवून अंगच्या रसात शिजवलेलं असं सांगितलं, लांबलचक झालं.

प्रतिसाद:
दमाचं म्हणा ना, दमाला लावलेलं म्हणतातच आपल्याकडे, दम म्हणजे श्वास, तो आत कोंडायचा. चपखल बसतं. आणि गंबोत कालवं अगदी शेवटी टाकतात, कडा मुरडल्या की गॅस बंद. आमची आजी सुकं करताना हेच सांगायची, जास्त शिजवलंस तर रबर होईल.

मूळ प्रश्न विचारणारी:
दमाचं! हेच हवं होतं. एक शेवटचं, तिथे दुकानदार घेतल्यावर वर थोडं फुकट देतो त्याला लान्याप म्हणतात. आपली भाजीवाली मूठभर कोथिंबीर वर टाकते, त्याला तुमच्या गावात काय शब्द आहे? आई नुसतं वरचं म्हणते.