टाटा पंच की ह्युंदाई एक्स्टर : मागच्या सीटवर कधी बसलात का?

सिंहगड रोडवाली
काल इथे एका गृहस्थांनी लिहिलं : "फॅमिली असेल तर डोळे झाकून पंच. एक्स्टर म्हणजे पाटावर उभी केलेली आय-टेन. सनरूफच्या नादापायी पोरांचा जीव टांगणीला लावणाऱ्यांपुढे काय बोलायचं!" वाचून डोकंच फिरलं.

आम्ही पाच जण. मी, नवरा, सहावीतली लेक, सासरे आणि दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेल्या सासूबाई. वर्षातून दोनदा ताम्हिणी उतरून गुहागर. दोन्ही गाड्या दोन-दोनदा बघून आले आहे, नादाला वगैरे लागलेली नाही. पंचला गाड्या आपटून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपचे पाच तारे आहेत, मान्य. पण ते २०२१ चे आणि मोठ्या माणसांसाठी. मुलांसाठी चारच आहेत, ते कुणी सांगत नाही. एक्स्टरला सगळ्यात खालच्या मॉडेललाही सहा एअरबॅग, पाचही जणांना खांद्यावरून येणारा बेल्ट. २०२५ च्या पंचच्या खालच्या मॉडेलला एअरबॅग दोनच. मग डोळे झाकायचे कशासाठी?

पत्राप्रेमी
कालचा गृहस्थ मीच. ताई, पत्र्याच्या डब्यात सहा उश्या कोंबल्या म्हणून डब्याची तिजोरी होत नाही. एक्स्टर ह्युंदाईच्याच ज्या आय-टेन निऑसच्या सांगाड्यावर बेतली आहे, तिला २०२० मध्ये दोन तारे मिळाले आणि वर शेरा, सांगाडा अस्थिर. पंचला मोठ्यांच्या सुरक्षेत १७ पैकी १६.४५, सांगाडा स्थिर. आता बोला.

सिंहगड रोडवाली
थोरलीचे मार्क धाकटीच्या प्रगतिपुस्तकात लिहिणारी ही कुठली शाळा?

कळशीभर पाणी
माफ करा, पण ताऱ्यांवर भांडणाऱ्या किती जणांच्या घरी मागे बसणारे बेल्ट लावतात? उद्योगपती सायरस मिस्त्री २०२२ मध्ये पालघरजवळ गेले ते मागच्याच सीटवर होते, बेल्ट नव्हता, आणि गाडी मर्सिडीज होती. आमच्याकडे आजीला बेल्ट लाव म्हटलं की "मला काय विमानात बसवताय?"
बाकी डिकीचं म्हणाल तर पंच ३६६ लिटर, एक्स्टर ३९१. फरक दोन कळश्यांचा. खालून उंची १८७ आणि १८५. हे दोन मिलिमीटर ज्याला खड्ड्यात जाणवतील त्याला माझा दंडवत.

मारुतीभक्त
दोन्ही सोडा, ब्रेझा घ्या. विकताना आशीर्वाद द्याल.

कळशीभर पाणी
भाऊ, पेपर वाचता का? २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ झालाय. तुमची ब्रेझा १४६२ सीसी, म्हणजे ४० टक्क्यांत. ताईंनी त्यांचं बजेट सांगितलेलं नाही, पण माणसं पंच-एक्स्टर बघतायत यावरून तरी ओळखा.

सातवा गिअर
मुद्द्याचं कुणी बोलतच नाहीये. पंचला सिलिंडर तीन, एक्स्टरला चार. पाच माणसं, सामान, वर एसी, आणि समोर ताम्हिणीचा चढ. तीन सिलिंडरची थरथर सासूबाईंच्या गुडघ्यापर्यंत पोचेल.

जुना ड्रायव्हर
घाटात एसी बंद करायचा असतो. विषय संपला.

सातवा गिअर
काका, हे १९८५ साल नाही.

जुना ड्रायव्हर
साल कुठलंही असो, १२०० सीसीचं इंजिन कॉम्प्रेसर पण ओढणार आणि तुमचं खटलं पण ओढणार? काचा खाली करा, वारा घ्या.

सिंहगड रोडवाली
ऑगस्टमध्ये काचा खाली? ताम्हिणीत? आपण कधी पावसात गेला आहात का? एसी बंद केला की पुढची काच आतून धुरकट होते, काही दिसत नाही. आणि मुलीला गाडी लागते ती वेगळीच.

जुना ड्रायव्हर
३१ वर्षं घाट चढतोय. तुम्ही शिकवू नका.

सातवा गिअर
३१ वर्षांवरून आठवलं. चार वर्षांपूर्वी गणपती आटोपून चिपळूणहून कुंभार्ली चढत होतो. जुनी हॅचबॅक, आई-बाबा मागे. पोफळीच्या पुढे एसटीच्या मागे अडकलो, पाऊण तास. मी शहाणा, हाफ क्लचवर गाडी तोलत बसलो. आधी जळका वास आला, मग गिअर टाकला तरी गाडी जागची हलेना. एसी बंदच होता, बरं का काका, तुमच्यासारख्याच एका काकांनी सांगितलं होतं म्हणून. आईने पायाखालचा नारळ काढून चाकामागे लावला. प्रसादाचा नारळ! क्लच प्लेटचा खर्च सांगत नाही, बायको हे वाचते.

जुना ड्रायव्हर
ही एसीची चूक की तुमच्या डाव्या पायाची? हँडब्रेक कशाला दिलाय गाडीला? आणि वरून येणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची असते, हा नियम आहे. हल्ली लाइटी मारत अंगावर येतात. त्यावर कुणी धागा काढत नाही.

पत्राप्रेमी
घाट झाला, नारळ झाला. पंचचं राहिलंच.

मारुतीभक्त
ब्रेझाचंही.

सातवा गिअर
हँडब्रेकचं मान्य. तेवढंच मान्य.

सिंहगड रोडवाली
रविवारी सासूबाईंना घेऊन दोन्ही शोरूमला गेले. त्यांची पद्धत अशी : आधी पाठ सीटकडे करून बसायचं, मग पाय एकेक करून आत. पंचचं मागचं दार ९० अंशात उघडतं. बाई कुणाचा हात न धरता आत गेल्या आणि बाहेरही आल्या. एक्स्टरमध्ये आत गेल्या, पण उतरताना दाराची कड धरली. पत्राप्रेमी, हा एक गुण तुमचा. ताऱ्यांमुळे नाही, बिजागरीमुळे.

पत्राप्रेमी
चालेल. बिजागरीसुद्धा पत्र्यातच येते.

सिंहगड रोडवाली
थांबा, नाचू नका. घरी येऊन आमच्या पार्किंगमध्ये टेप लावला. एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची भली मोठी गाडी. तिथे कुठलंच दार निम्म्याच्या वर उघडत नाही. म्हणजे त्यांना दर वेळी गेटबाहेर, भर रस्त्यात बसवायचं.

हे जेवताना बोलत होते, तर सासूबाई म्हणाल्या, "मला पुढे बसवा की. मागे तू बस."

आता मधल्या जागेवर मी. उद्या परत दोन्ही शोरूम.

जुना ड्रायव्हर
टेस्ट ड्राइव्ह चढावर घ्या. एसी बंद करून.