शिआनमधील जुने रस्ते आणि बौद्ध स्थळे : दोन दिवसांत काय पाहावे?

प्रश्न :
नमस्कार. ऑक्टोबरमध्ये आई आणि मी तीन दिवसांसाठी चीनमधील शिआनला जाणार आहोत. एक दिवस मातीच्या सैनिकांच्या पुतळ्यांसाठी (टेराकोटा आर्मी) राखून ठेवला आहे. उरलेल्या दोन दिवसांत तटबंदीच्या आतले जुने रस्ते आणि ह्युएन त्संगशी संबंधित स्थळे पाहायची आहेत. आईला सपाटीवर कितीही चालता येते, मात्र गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत. कशाला अधिक वेळ द्यावा आणि काय गाळले तरी चालेल?

उत्तर १ :
१ ते ७ ऑक्टोबर हा तेथील राष्ट्रीय सुट्टीचा काळ असल्याने शक्य असल्यास ते दिवस टाळावेत. ह्युएन त्संगने भारतातून नेलेल्या पोथ्या व मूर्ती सुरक्षित राहाव्यात म्हणून इ. स. ६५२ मध्ये बांधलेला मोठा रानहंस पॅगोडा आज सात मजली आणि सुमारे ६४ मीटर उंच आहे. वर जाण्यासाठी वेगळे तिकीट लागते आणि जिना लाकडी व चढा आहे, त्यामुळे आईंनी खालीच थांबावे. त्यात त्यांचे काही बुडणार नाही. पॅगोड्याच्या दक्षिण दरवाजाच्या दोन्ही बाजूंच्या कोनाड्यांत ६५३ सालचे दोन शिलालेख आहेत. सुलेखनकार छू सुईल्यांग याने लिहिलेल्या या लेखांपैकी एकाच्या ओळी उजवीकडून डावीकडे, तर दुसऱ्याच्या डावीकडून उजवीकडे जातात, म्हणजे मधला दरवाजा धरून दोन्ही लेख एकमेकांसमोर आरशासारखे उभे राहतात. बहुतेक लोक त्यांच्याकडे न पाहताच आत शिरतात.

उत्तर २ :
वरील माहिती योग्य आहे, तरी माझी पसंती धाकट्या रानहंस पॅगोड्याला. ७०७ ते ७०९ या काळात उभारलेल्या या वास्तूचे मूळचे पंधरा मजले होते. १५५६ च्या भूकंपानंतर तेरा उरले, आणि पुढे दुरुस्ती करतानाही तुटलेला माथा तसाच ठेवला गेला. इ-चिंग या भारतयात्री भिक्षूने आणलेल्या ग्रंथांशी तो निगडित आहे. आवारातले वस्तुसंग्रहालय मंगळवारी बंद असते आणि प्रवेशासाठी पासपोर्ट जवळ हवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहराच्या दक्षिणेला सुमारे वीस किलोमीटरवर असलेल्या शिंगज्याओ मंदिरात जावे. ६६४ मध्ये निधन पावलेल्या ह्युएन त्संगच्या अस्थी ६६९ मध्ये येथे आणण्यात आल्या. मधला पाच मजली विटांचा स्तूप त्याचा आणि दोन बाजूंचे लहान, तीन मजली स्तूप त्याच्या शिष्यांचे. त्यांपैकी एक शिष्य कोरियाचा होता. पुलकेशीच्या काळातल्या महाराष्ट्राचे वर्णन लिहून ठेवणाऱ्या माणसासमोर आपण उभे आहोत, ही जाणीव मला शहरातल्या गर्दीत झाली नव्हती, ती इथे झाली.

उत्तर ३ :
रस्त्यांविषयी थोडेसे. नगारखान्याच्या कमानीतून उत्तरेकडे जाणारा मुस्लिम वस्तीचा मुख्य रस्ता संध्याकाळी अक्षरशः ढकलाढकलीचा असतो, म्हणून सकाळी जावे आणि डावीकडच्या ह्वाज्युए गल्लीत वळावे. तेथील मोठी मशीद एकामागून एक पाच चौकांची आहे आणि तिचा मिनार चिनी मंडपासारखा दिसतो. त्यानंतर तटबंदीच्या दक्षिण दरवाजाच्या आतली शूयुआनमन गल्ली : कुंचले, शाई आणि कागदाची दुकाने पाहत पूर्वेकडे चालत गेले की शिलालेखांचे संग्रहालय येते. तेथे ओला कागद दगडावर चिकटवून शाईच्या बोळ्याने हलकेच ठोकत ठसा उमटवण्याचे काम चालू दिसले तर आईंना अवश्य थांबवा. तटावर जायला मात्र बहुतेक ठिकाणी पायऱ्या चढाव्या लागतात, तेव्हा तो बेत सोडलेला बरा.