टंगस्टन 1783 पासून माहीत होतं, मग बल्बमध्ये आधी कोळशाची तार का?

विज्ञानाच्या_बाई

मी नववीला विज्ञान शिकवते. काल वर्गात एका मुलीने विचारलं, "टंगस्टन 3422 अंश सेल्सिअसला वितळतं, सगळ्या धातूंत सर्वात उशिरा. मग एडिसनने ते सोडून दोऱ्याचा कोळसा का घेतला?" स्पेनमध्ये एलुयार बंधूंनी हा धातू 1783 मध्येच वेगळा केला होता, म्हणजे तो शंभर वर्षं हाताशी होता. मला नीट उत्तर देता आलं नाही. इथे या कामातलं कुणी आहे का?

तारकाम

ताई, बल्बच्या कारखान्यात कॉइल विभागात माझी सगळी नोकरी झाली. त्या मुलीला शाबासकी द्या, तिने बरोबर मर्मावर बोट ठेवलंय. धातू होता, पण त्याची तार निघत नव्हती.

खनिजातून टंगस्टन निघतं ते राखाडी पुडीच्या रूपात. ते वितळवून ओतायचं म्हटलं तर तेवढी उष्णता सोसणारी मूस आणायची कुठून? पूड दाबून, तापवून कांडी केली तर ती खडूसारखी तुटते. कोळशाचं तसं नाही. दोरा, कागद, बांबू यांना आधी हवा तो आकार द्यायचा आणि मग हवाबंद भाजायचं. म्हणून 1879 च्या सुमारास इंग्लंडात स्वान आणि अमेरिकेत एडिसन, दोघेही कोळशाकडेच वळले. एडिसनच्या दिव्यांत पुढे क्योटोजवळच्या यावाता गावचा बांबू वापरला गेला. पण कोळशाची तार जास्त तापवली की तिची वाफ होते आणि काच आतून काळी पडते. त्यामुळे वॅटमागे जेमतेम 3 ल्युमेन (उजेड मोजायचं एकक) उजेड मिळायचा.

1904 मध्ये युस्ट आणि हानामान या संशोधकांनी टंगस्टनच्या दिव्याचं पेटंट घेतलं. उजेड उत्तम, पण तारा अतिशय ठिसूळ. ही अडचण सोडवली अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या कूलिज यांनी, 1910 च्या सुमारास. त्यांनी कांडी तापवून चहूबाजूंनी ठोकली आणि दर फेरीला तापमान थोडं कमी केलं. इतर धातू ठोकून कडक होतात, मग लाल तापवून मऊ करावे लागतात. टंगस्टन उलटं आहे. ठोकताना त्याचे कण लांब तंतूंसारखे ताणले जातात आणि ते लवचिक होतं. फार तापवलं की पुन्हा ठिसूळ. मग हिऱ्याच्या डायमधून, म्हणजे बारीक भोकाच्या साच्यातून, ओढून केसाहून बारीक तार काढता येते. माणसाच्या चिकाटीचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

आमच्याकडे ही तार रिळावर यायची, वर ग्राफाइटचा काळा थर. ती मॉलिब्डेनम या धातूच्या मँड्रेलवर, म्हणजे आधाराच्या तारेवर, गुंडाळायची, तापवून आकार पक्का करायचा, तुकडे कापायचे आणि आम्लात सोडायचे. मॉलिब्डेनम विरघळून जातं, टंगस्टनची पोकळ कॉइल उरते. ती भिंगाखाली धरून पिच, म्हणजे दोन वेढ्यांमधलं अंतर, बघायचा. दोन वेढे जरी जवळ आलेले दिसले तरी कॉइल बाद, कारण तिथेच ती जास्त तापणार आणि तिथेच तुटणार.

धातुवेडा

मधला टप्पाही मुलांना सांगा. आउअर फॉन वेल्सबाख यांचा ऑस्मियमचा दिवा 1902 मध्ये बाजारात आला. धातू दुर्मीळ आणि तार ठिसूळ. 1905 मध्ये सीमेन्स उंड हाल्स्के या जर्मन कंपनीने टँटलम धातूचा दिवा आणला. टँटलमची तार सहज ओढली जाते, पण एसी प्रवाहावर ती लवकर तुटायची.

विज्ञानाच्या_बाई

दोघांचेही मनापासून आभार. आणखी एक विचारते, जुना बल्ब नेमका बटण दाबताक्षणीच का उडतो?

तारकाम

थंड टंगस्टनचा रोध फार कमी असतो. 230 व्होल्टच्या 60 वॅट बल्बचं गणित फळ्यावर करा. पेटलेला असताना 230 × 230 ÷ 60, म्हणजे सुमारे 880 ओहम. थंड असताना याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. त्यामुळे पहिल्या क्षणी प्रवाहाचा लोंढा येतो आणि झिजून बारीक झालेली जागा आधी वितळते. कोळशाच्या तारेचा रोध थंड असतानाच जास्त असतो, तिला हा धक्का बसत नाही.

पोटॅशियमचंही सांगा, ते पुस्तकात नसतं. शुद्ध टंगस्टनची कॉइल तापून तापून लोंबायला लागते. अलादार पाच या संशोधकाच्या 1922 च्या पेटंटपासून पुडीत पोटॅशियमयुक्त क्षार मिसळू लागले. टंगस्टनच्या अणूंच्या जाळीत पोटॅशियम मावत नाही, त्याचे अतिसूक्ष्म बुडबुडे तारेच्या लांबीला धरून रांगेत बसतात. त्यामुळे कण आडवे वाढत नाहीत, लांब वाढून एकमेकांत अडकतात आणि वेढे जागेवर राहतात.

शाळेत मल्टिमीटर असेल तर रोध मुलांकडूनच मोजून घ्या. बल्ब होल्डरमधून काढून, पूर्ण गार झाल्यावर.