पालखीची वर्गणी दिली नाही म्हणून दाखला अडवला आहे, मदत हवी आहे

रत्नागिरी जिल्ह्यातलं आमचं गाव. आम्ही बौद्ध. शिमग्याच्या पालखीची घरटी 1,500 रुपये वर्गणी आम्ही दिली नाही. आता ग्रामपंचायत थकबाकी नसल्याचा दाखला देत नाही. घरपट्टी, पाणीपट्टी मार्चपर्यंत भरलेली आहे, पावत्या आहेत. शेवटच्या पावतीमागे पेन्सिलीने 'पालखी बाकी' असं लिहून दिलंय!

सरपंच आणि ग्रामसेवकांना दोनदा भेटलो. लेखी अर्ज दिला, पण पोच दिली नाही. म्हणून तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवला, त्याची पोच आली आहे.

राज्यघटनेचं कलम 27 सांगतं की विशिष्ट धर्मासाठी राखून ठेवलेला कर भरण्याची कोणावर सक्ती करता येत नाही. पण ही वर्गणी कागदोपत्री कर नाही, तिथेच अडतंय. वाळीत टाकलेलं नाही, त्यामुळे 2016 चा सामाजिक बहिष्काराचा कायदा लावायचा नाही. पालखीला आमचा विरोध नाही, ती दारात आली की आई आजही पाणी देते. गावाशी भांडण नको, फक्त दाखला हवा.

लोकसेवा हक्क कायदा 2015 खाली थेट गटविकास अधिकाऱ्यांकडे अपील करता येईल का? त्यात कलम 27 लिहावं, की फक्त भरलेल्या पावत्या जोडाव्यात?