'इल सोर्पासो' या इटालियन पिक्चरचं जुनं पोस्टर मिळतंय, ओरिजिनल आहे का कसं ओळखायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, कामानिमित्त सध्या इटलीत, तोरिनोत आहे आणि इथल्या बालोनच्या जुन्या बाजारात एका काकांकडे दिग्दर्शक दीनो रिसीच्या 'इल सोर्पासो'ची लोकांदिना सापडलीये, म्हणजे ते उभं अरुंद पोस्टर, साधारण ३३ बाय ७० सेंमीचं. काका म्हणतायत १९६२ चंच आहे, पहिल्या रिलीजचं, १८० युरो. घासाघीस केली तर दीडशेवर येतील बहुतेक, त्याखाली हलतील असं वाटत नाही.

पिक्चर पाहिला नसेल त्यांच्यासाठी, इटलीतल्या १५ ऑगस्टच्या उन्हाळी सुट्टीत अख्खं रोम ओस पडलेलं आणि वित्तोरियो गास्मान एका बुजऱ्या लॉच्या पोराला उघड्या लान्चा आउरेलिया गाडीत घालून सुसाट सुटतो, हॉर्न तर असला वात्रट की विचारू नका. भरपूर हसवतात आणि मग... जाऊदे, सांगत नाही. मला त्या काळातल्या इटालियन कॉमेड्यांचं वेड याचसाठी आहे, मोनिचेल्लीचा 'इ सोलिती इन्योती' घ्या नाहीतर जेर्मीचा 'दिवोर्त्सियो आल्लितालियाना', हसता हसता चिमटा बसतोच.

तर पोस्टर घडी घातलेलं आहे, घड्यांवर शाई उडालीये, एका कोपऱ्यात शिक्का मारलेलं तिकीट चिकटवलंय. खाली बारीक अक्षरात छापखान्याचं नाव आहे पण साल कुठंच नाही, तिथंच पाल चुकचुकली. री-रिलीजला पण तेच चित्र घेऊन पोस्टरं काढायचे ना? इथे कुणी जमवतं का, नेमकं काय बघू? शनिवारी परत जाणारे.

उत्तर १:
घड्या आणि तिकीट, लक्षणं चांगली आहेत. ते तिकीट म्हणजे पोस्टर लावायचा कर भरल्याची खूण. पण री-रिलीजच्या पोस्टरवरही ते असू शकतं, त्यामुळे तेवढ्यावर पैसे काढू नका. भिंग घेऊन जा आणि ती बारीक अक्षरं बघा, सलग शाईची असली तर ठीक, ठिपक्याठिपक्यांची दिसली तर कुणीतरी स्कॅन मारून छापलंय, मग दहा युरोला पण घेऊ नका. वितरकाचं नाव पण बघून ठेवा, री-रिलीजला ते बऱ्याचदा बदललेलं असतं. आणि तोरिनोतच आहात तर मोले आन्तोनेल्लियाना इमारतीतलं सिनेमा म्युझियम आहे की, त्यांच्याकडे पोस्टरांचा मोठा साठा आहे, फोटो काढून आधी तिथं ईमेल टाका. काकांना थोडा विसार देऊन आठवडाभर थांबवा.